आठव्या दिवसाचा फवारा

पहिल्या दिवशी मी माह्या बहिनीच्या घरात चोरी केली. कोठ्यातल्या औषधाच्या जुन्या बाटल्या, भाटव्याचं दाढीचं सामान आन् संडासाची आतली कडी. दाराच्या फटीतून हात घालून कडी काढाले लय टाइम लागला. स्क्रू गंजले होते, आन् भाटवा आतच बसला होता.

"कोन हाये बे?" आतून आवाज आला. आवाज कायचा, खरखर. दवाखान्यात घशात नळी घातली होती, तवापासून तो बोलला का दगडावर इळा घासल्यावानी वाटते.

"मी हावो भाटोजी. भैय्यालाल. तुमची कडी चोरून राहिलो."

आत टमरेल वाजलं. जराशानं म्हने, "वरचा स्क्रू उलटा फिरते. मीच बसवला होता."

लाखनीले हायवेच्या कडेले माहं पंक्चरचं दुकान हाये. मस्करी हा जोडधंदा. झोपलेल्या ट्रकवाल्याच्या दोन चपला नटबोल्टानं एकमेकीले कसून देनारा तो मीच. हा धनीराम माह्या मोठ्या बहिनीचा, चंदाबाईचा, नवरा. साळ्याले मस्करीचा परवाना जन्मापासूनच असते. याच्या लग्नात मी याच्या जोड्यात शेन भरलं होतं, आन् हा तसाच पाय घालून मांडवभर फिरला. हूं नाई का चूं नाई. असा मानूस.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो धानाच्या बांधीत गेला, आन् दामिनी, याची पोरगी, न्याहारी घेऊन लवकर गेली म्हून वाचला. एवढंच सांगतो. घरात त्याच्यावर कोनी जास्त बोलत नाई, मीबी नाई बोलत. भंडाऱ्याच्या दवाखान्यात वीस दिवस काढले. सुट्टी देताना डॉक्टरीनबाईनं चंदाबाईले बोटावर मोजून तीन गोष्टी सांगतल्या. एकटं सोडायचं नाही. घरात फवारणीचं औषध ठेवायचं नाही. गोळी एकही दिवस चुकवायची नाही.

चंदाबाईनं मले फोनवर तिन्ही सांगतल्या, आन् मंग म्हने, "भैय्या, मी रोजीनं जाऊ का याच्यापाशी बसू?"

मी शटर पाडलं. फाटक्या ट्यूबायचं एक पोतं गाडीवर बांधलं, म्हटलं ओसरीत बसल्या बसल्या ठिगळं लावीन. आन् आलो. आठ दिवसासाठी म्हून.

घराची येवस्था दामिनीनं केली होती. पोरगी बारावीले. कॉलेज सोडून बापाच्या मागं पुस्तक घेऊन फिरे. तो संडासात गेला का ही बाहेर उभी राहून रसायनशास्त्र पाठ करे, आन् दर दोन वाक्याले मधात इचारे, "बाबा?"

आतून याव, "हं."

तो आंघोळीले गेला का "बाबा?" "हं." कोठ्यात गेला का "बाबा?" "हं." म्हशीच्या गळ्यात घंटी बांधते ना, तशी पोरीनं बापाच्या गळ्यात ते 'हं' बांधली होती. एक दिवस गोळीच्या गुंगीत त्याचा डोळा लागला आन् 'हं' आली नाई. तिनं लोटाभर पानी त्याच्या तोंडावर फेकलं. तो उठून बसला, मिशीतून पानी गळून राहिलं, पोरीकडं पाह्यलं आन् म्हने, "हं."

मी हासलो. दामिनी नाई हासली. रिकामा लोटा घेऊन ते परत भराले गेली.

दुसऱ्या दिवशी वासुदेवराव आले. मोटरसायकलवर, मानेले पांढरा दुपट्टा. जमीन त्यायची. धनीरामानं एकोनीस साल तांदळाच्या मिलात काम केलं. कोंडा कुठं जास्त निघून राहिला ते याले नुसत्या आवाजावरून समजे. मंग मिलवाल्यानं डोळेवाली मशीन आनली, ते दाना पाहूनच खडा काढते. मशीनले पगार लागत नाई आन् चहाबी लागत नाई. हा घरी आला, आन् वासुदेवरावची दोन एकर ठेक्यानं घेतली. हे तिसरं साल.

"काय म्हनते पेशंट?" वासुदेवरावनं मले इचारलं. पेशंट माह्या बाजूले बसून होता.

"त्यालेच इचारा ना जी. कान चांगले हायेत त्याचे."

त्यायनं नाई इचारलं. मलेच म्हने, "तुडतुडा आला. माह्या बांधीत मधात तव्याएवढा डाग पडला. धान बुडापासून सुकते, पाहता पाहता लाल होते. तुमच्यातबी उतरला असंन. दोन-तीन दिवसात फवारा मारा, नाई तं धानाच्या जागी नुसतं तनस, वाळली काडी, कापसान. आन् मी काई धर्मशाळा उघडली नाई. पुढच्या सालचा ठेका मांगनारे तिघं उभे हायेत."

"मारतो जी."

मंग ते माह्याकडं वाकले. आवाज कमी केला, पन इतका नाई का बाजूच्याले आयकू नाई येनार. "खरं सांगू भैय्यालाल? तो कैलाश गेला मागच्या साली, त्याच्या घरच्यायची मदतीची फाईल तरी झाली सरकारात. हे असं… ना इकडचं ना तिकडचं."

"हं," धनीराम म्हने.

दामिनीनं हाक मारली नव्हती. ते घरात बी नव्हती.

मी उठलो. म्हटलं, पानी आनतो तुमाले. आंगनात त्यायची गाडी उभी होती. मी पानी आनेपर्यंत मांगच्या चाकाचा वॉल माह्या खिशात होता. वासुदेवराव भर उन्हात गाडी ढकलत निंघाले, पानंदीच्या मोडीवरून परत आले, कारन अकरा किलोमीटरात पंक्चरवाला एकच, आन् तो ओसरीत ठिगळं लावत बसला होता. हवा भरून देली. बदल्यात त्यायचा बॅटरीवाला पंप फवारनी होयेपर्यंत मांगून घेतला.

धनीरामानं मले वॉल काढताना पाह्यलं होतं. मले वाटलं त्याच्या मिशीचा कोपरा हालला. का माशी बसली होती, कोन जाने.

सांजेले चुलीपाशी बाईचं आन् माहं झालं.

"औषध आनू नोको भैय्या. धान मरते तं मरू दे."

"मंग खासान काय?"

"खाऊ काई बी. रोजी हाये माही." तिनं भाकर परतली. बोट चटकलं, पन तिनं ते झटकलंबी नाई. "मानूस तं राईन."

 भाकर फुगली, तिनं तवा उतरवला, आन् तशीच बसून राहिली.

"पन तो रोज तुह्यासंगं बांधीच्या धुऱ्यावर जाऊन बसते ना रे. ते लाल पडत चाललेलं पाहते. पुरं लाल झालं, आन् वासुदेवरावनं ठेका काढला… मंग त्याले सकाळी उठाले काय रायते?" तिनं पदरानं नाक पुसलं. "आनलं तरी भेव. नाई आनलं तरी भेव. मी कोनीकडं जाऊ सांग."

"दुसऱ्याकडून मारून घेऊ. मारनारानं आपलं औषध आपन आनाव, आपन न्याव."

"इचारलं ना. गावात तिघं मारतात. दोघायले टाइम नाई. तो पिंटू म्हने, 'काकू, त्या घराच्या बांधीत औषध घेऊन मी नाई येत. उद्या काई झालं तं पोलीस मलेच इचारतीन.'"

ओसरीतून दामिनीचा आवाज आला. "बाबा?"

आमी दोघंबी 'हं' येवाची वाट पाहाले लागलो.

"हं."

बाईनं तवा परत चुलीवर ठेवला.

तिसऱ्या दिवशी एक पोरगी आली फॉर्म घेऊन. स्वाती नावाची, नागपूरच्या कोन्या कॉलेजातली. तोंडाले स्कार्फ, पाठीवर थैला. या गावात दोन सालात चौघं गेले म्हून ते लोक इथंसा अभ्यास करून राहिले होते. कैलाश सव्वीसचा. त्याले पोरगी भेटत नव्हती. मालनबाई, तिचं काहून झालं ते तिच्या घरचेबी सांगत नाईत. अजून दोघं. धनीराम पाचवा झाला असता. तो झाला नाई, म्हून त्याले इचारता येत होतं.

"काका, त्रास होत असेल तर नको," ते म्हने. पोरगी चांगली होती. "कधीही थांबवा मला."

"इचार," धनीराम म्हने.

"व्यवसाय? शेतकरी, शेतमजूर, नोकरी, इतर."

"शेतकरी," मीच सांगून सोडलं.

"जमीन नावावर आहे?"

"नाई. ठेक्याची हाये."

"मग शेतकरी नाही धरता येत." ते पेन चावाले लागली. "मजुरीला जाता का?"

"नाई. पीक तं माहंच हाये," धनीराम म्हने.

"मग… इतर."

"पाहा भाटोजी," मी म्हटलं, "तीस साल झाले सोयरीकीले, आन् आमाले मालूमच नव्हतं का तुमी इतर हा."

पोरगी हासली आन् लाल झाली. "कर्ज किती आहे?"

"नाई."

"सांगा काका, हे कुठं जाणार नाही."

"अवं बाई, कर्ज कोन देईन? त्यालेबी सातबारा लागते."

तिनं लिहिलं. दारू इचारली. शिमग्याले एकदा. आजार इचारला, घरातलं भांडन इचारलं. आन् मंग पान पलटवलं. "कारण. इथं एकच खूण करायची आहे. मुख्य कारण."

मी एक ट्यूब मांडीवर ओढली.

सांगून टाकतो. मागच्या साली उन्हाळ्यात धनीरामानं बैल इकले होते. ट्रॅक्टर भाड्यानं भेटते, मंग बैल कोन पोसते? यंदा पोळ्याले मी इथंसा आलो. तोरनाखाली सगळ्यायचे बैल सजून उभे, आन् हा मानूस हात मांगं बांधून कडेले उभा. मले मस्करी सुचली. कोनाची तरी झूल घेतली, मांगून याच्या खांद्यावर टाकली आन् वरडलो, "बैल नाई तं काय झालं भाटोजी! चाला, तुमालेच पूजून टाकू!" बाया-मानसं पोट धरून हासले. एकानं याच्या कपाळाले गुलाल लावला. हाबी हासला. तसाच झूल घेऊन तोरनाखालून गेला. दुसऱ्या दिवशी फोन आला.

आता पोरगी पेन धरून बसली होती, आन् मी एका ट्यूबाले तेच ते ठिगळ घासत होतो.

धनीरामानं फॉर्माकडं पाह्यलं. मंग म्हने, "मिलात माह्या जागी मशीन लावली. याचा रकाना हाये?"

"बेरोजगारी… हो, आहे."

"पोरगा हैदराबादले वाचमन हाये. निकेश. सत्तावीसचा झाला, त्याले पोरगी देत नाई कोनी. म्हने, जमीन दाखवा. आता तो सनालेबी घरी येत नाई, लोक लग्नाचं इचारतात म्हून."

"ते कौटुंबिकमध्ये येईल."

"बैल इकले."

तिनं खाली पाह्यलं. बैलाचा रकाना नव्हता.

"आन् हे सगळं तं मागच्या सालीबी होतं बाई. मागच्या साली मी काई केलं नाई. मंग याच्यातल्या एकाले कारन कसं म्हनू?"

पोरीनं पेनाचं टोपन लावलं. परत काढलं. "इतर लिहू का, काका?"

"लिव. सगळीकडं इतरच हावो मी."

जाताना तिनं दामिनीले वहीच्या पानावर एक फोन नंबर लिहून देला. म्हने, कधीही लाव, कितीही वाजता, तुझ्यासाठीसुद्धा. 'तुझ्यासाठीसुद्धा' म्हटल्यावर दामिनीनं ते पान चार घड्या करून रसायनशास्त्रात ठेवलं.

त्याच दिवशी दुपारी मी लाखनीले जाऊन औषध आनलं. चंदाबाईले सांगतलं, कुठं ठेवतो ते इचारू नोको. माही जागा पक्की होती. ट्रकची मोठी ट्यूब कापली, बाटली आत सरकवली, तोंड दुमडून बांधलं आन् बाकीच्या ट्यूबायसंगं पोत्यात कोंबली. पोतं माह्या उशाशी. माहं डोकं त्याच्यावर. म्हटलं, माह्या डोक्याखालून कोनाचा बाप काढू शकत नाई.

चौथ्या दिवशी सकाळी पंप पाठीवर घेतला. माहं आयुष्य हवा भरन्यात गेलं, पानी मारन्यात नाई. पहिल्या झटक्याले वारा पाहाचा इसरलो, आन् अर्धा फवारा माह्याच दुपट्ट्यावर. मंग वाऱ्याकडं पाठ करून नळी उंच धरली, आन् लोंब्यायवर मारत चाललो, हिकडून तिकडं. दोन एकर. पाठीची पार चटनी झाली.

धनीराम धुऱ्यावर पळसाखाली बसून होता, गुडघ्याले हात बांधून. दामिनी बाजूले. तो पाहून राहिला होता. 

पाचव्या दिवशी डाग खाटेएवढा झाला. सहाव्या दिवशी आंगनाएवढा. मी जाऊन धानाचं एक बूड फाकवलं, तं आत तीळ सांडल्यावानी तुडतुडा. मजेत. काही तं माह्या बोटावर चढून पाहाले लागले का कोन आला.

लोक आता म्हनतात का भैय्यालालनं मुद्दाम केलं. नाई जी. मले खरंच येत नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी परत पंप भरला. बाईबी आली रोजीवरून सुट्टी घेऊन, धुऱ्यावर उभी राहिली. मी बांधीत उतरलो, नळी उंच केली आन् सुरू झालो.

"अबे ए येड्या साल्या!"

माह्या हातातून नळी सुटली. मांगं पाह्यलं तं धनीराम उभा. घसा फाटून राहिला होता त्याचा.

"लग्नात गुलाबपानी शिंपून राहिला काय बे? तुडतुडा बुडाशी असते, बुडाशी! धान फाकव! नळी खाली घाल!" त्याले खोकला आला. वाकला, खोकलला, गुडघ्यावर हात ठेवून थुकला, आन् परत, "दोन दिवसापासून पाहून राहिलो! पुरं औषध हवेले पाजून राहिला!"

"असं का भाटोजी?" मी वाकून नळी खाली घातली.

"तसं नाई! धान कोन फाकवीन, तुहा बाप?"

तो बांधीत उतरला. गाळ पिंढरीपर्यंत. वीस दिवस खाटेवर आन् मंग ओसरीवर काढलेले पाय ते, काडी झाली होती त्यायची. एक पाय उपसे तं दुसरा फसे. तसाच आला आन् माह्यासमोर उभा राहिला. हात पुढं केला.

"काढ. पंप काढ."

पंप भरलेला होता.

"भैय्या, नोको," धुऱ्यावरून बाई म्हने. जोरानं नाई, हळूच. वारा नव्हता म्हून आयकू आलं.

दामिनी उठून उभी राहिली होती, पुस्तक छातीशी. तिनं 'बाबा' म्हनून हाक नाई मारली. होट हालले फक्त.

त्याचा हात तसाच पुढं. मनगटावर दवाखान्यातल्या सुईचा काळा डाग अजून होता.  मी हायवेवरचा मानूस. कोन पैसे बुडवीन, कोन पाना चोरीन, ते मले चेहऱ्यावरून समजते. त्या टायमाले काई समजलं नाई. एवढंच समजलं का आता नाई म्हटलं, तं हा परत पळसाखाली जाऊन बसंन, आन् त्याच्यापाशी फक्त ते 'हं' राईन.

मी पंप उतरवला.

पहिले माहा धुतलेला दुपट्टा त्याच्या नाकातोंडावर गुंडाळला आन् मांगून गाठ मारली. पक्की. ट्यूबाले मारतो तशी. त्यानं चूपचाप मारू देली. मंग पंप त्याच्या पाठीवर चढवला, पट्टे कसले. कसताना त्याच्या खांद्याची हाडं माह्या हाताले लागली.

"मी फाकवतो," म्हटलं. "तुमी मारा."

असे आमी निंघालो. मी त्याच्याकडं तोंड करून उलटा चालत, वाकून दोन्ही हातानं धान फाकवत. तो समोरून सुलटा, नळी बुडाशी घालत. माही नजर त्याच्या तोंडावरच्या दुपट्ट्यावर. त्याची नजर धानाच्या बुडावर. तुडतुडा उडून माह्या पोटऱ्यायवर बसे. धुऱ्यावरून बाई आन् दामिनी आमच्या बरोबरीनं चालून राहिल्या होत्या. आमी एक पाऊल टाकलं का त्या एक टाकत.

तिसऱ्या पट्ट्यात माही टाच धसकटात अडकली आन् मी गाळात पसरलो, बुडावर. पुरा पानकोंबडा. तो थांबला. मले वाटलं आता तरी हासंन.

"ऊठ," तो म्हने. "लाईन मोडून राहिली."

अर्ध्यावर आलो, तवा मी इचारलं. कंबर मोडली होती, आन् वाकलेल्या मानसाले तोंड लपवाले जागा असते म्हून.

"भाटोजी. पोळ्याले मी ते झूल टाकली होती…"

"हं."

"त्याच्यानं तं नाई ना?"

पंप घुर्रर्र करून राहिला. त्यानं पुरा पट्टा संपवला, धुऱ्यापाशी वळला, नळी झटकली.

"तुह्या मस्करीनं कोनी मरत नाई बे. इतका मोठा नोको समजू सोताले."

मी धान फाकवलं. तो चार-पाच बुडं पुढं आला.

"पन चांगली नव्हती ते मस्करी," तो म्हने.

"नव्हती," मी म्हटलं.

सूर्य पळसाखाली उतरला तवा दोन एकर झाली. त्यानं पंप सोता धुतला, तीनदा, बांधीच्या कडेले. हातपाय साबनानं घासले. बाईनं त्याले गोळी देली, ते घेतली. बाई आन् दामिनी पुढं गेल्या. बाटलीत एका फवाऱ्यापुरतं उरलं होतं, ते माह्या हातात होतं, टोपन कसलेलं. आमी दोघं मांगून.

"हे आता कुठं ठेवतं?" त्यानं इचारलं.

"नाई सांगत."

"तुह्या उशीत," तो म्हने. "ट्यूबात. पोतं एका बाजूनं टनक हाये. आनली त्याच दिवशी दिसलं मले."

माहे पाय थांबले. तो चालत राहिला, मंग थांबला, पन मांगं वळला नाई.

"एकदा पोत्याले हातबी लावला. तू घोरून राहिला होता. तुह्या तोंडातून लाळ गळे, लहान लेकरावानी. काढाची तं तुले उठवा लागे." तो चालाले लागला. "मंग झोपलो."

मी बाटलीचं टोपन अजून कसलं. 

"तू जाशीन तवा घेऊन जाजो ते. घरात नोको. चंदाले लपवता येत नाई, तुले तं बिलकूलच येत नाई. आन् माहा मले भरोसा नाई." घशातली खरखर वाढली, त्यानं थुका गिळला. "आज हाये. पन रोजचं सांगता येत नाई."

"घेऊन जातो."

"आन् आठव्या दिवशी परत आन. हा एका फवाऱ्यात मरत नाई. अंडे रायतात बुडाशी. ते फुटले का दुसरा फवारा लागते. टाइम चुकला का गेलं."

"आनतो. कडी?"

त्यानं इचार केला. पानंदीतून पुढं दामिनी मांगं वळून वळून पाहत होती.

"कडीबी असू दे तुह्याचपाशी. सध्या."

आठ दिवस म्हून गेल्तो, आठव्याच दिवशी निंघालो. पिंटूनं बांधी पाह्यली होती. म्हने, डाग वाढला नाई. वाढलाबी नाई, कमीबी झाला नाई. जे लाल झालं ते लालच रायते.

आता बाटली माह्या दुकानात, पान्यायच्या पेटीत, कुलपात. बाजूले ते कडी, तिचे चार स्क्रू कागदात. किल्ली करदोड्याले. ट्रकवाल्यायच्या चपला सध्या मोकळ्या हायेत, मन लागत नाई. रोज सकाळी शटर उघडलं का पहिले फोन लावतो. हायवेवरून गाड्या जात असतात, एक कान बोटानं बंद करा लागते.

"भाटोजी?"

"हं."

बस. तो ठेवते, मी ठेवतो.

फवाऱ्याच्या सातव्या दिवशी लावला. घंटी लय वाजली, मंग कोनीतरी उचलला. माह्या हातात एक ट्यूब होती, पान्याच्या टपात बुडवून फिरवून राहिलो होतो, कुठून हवा सुटते ते पाहत.

"भाटोजी?"

काईच नाई. एक ट्रेलर गेला, मंग दुसरा. टपातलं पानी हालून राहिलं. मी ट्यूब फिरवायची थांबवली.

"भाटोजी?"

तिकडून खोकला आला, लांबलचक. मंग थुकल्याचा आवाज.

"हं. तोंडात दातून होतं बे, दम धर ना. उद्या उन्हाच्या आंदी येजो. आन् नळीचं तोंड नवं घेऊन ये, हातातून सोडली तवा तुनंच तडकवलं."

"आनतो," मी म्हटलं.

फोन ठेवला आन् ट्यूब परत पान्यात दाबली.